खारा बांगडा पहिल्यांदाच साठवताय?

ताई, १ जूनला मासेमारी बंद होते, म्हणून आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी मे महिन्यातच करा. बाजारातून आणलेला बांगडा तसाच पिशवीत कोंबू नका. नवीन माणसाचं हमखास इथेच चुकतं. जास्तीचं मीठ झटका, दोन दिवस कडक ऊन द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलात की पिशवीला आतून घाम सुटतो, मग बुरशी आलीच.

- एका कालवणापुरते तुकडे एका पिशवीत, हवा दाबून काढून.
- वर तारीख.
- ठेवायचं फ्रीजरमध्येच. मिठामुळे दगडासारखा गोठत नाही, घाबरू नका.

गुलाबी चिकट थर दिसला तर धुऊन वापरू नका, सरळ टाका. सुकट-बोंबील वेगळ्या डब्यात. खाऱ्याचा ओलावा त्यांना लागतो.