रात्री दहाला हेडफोन का निघतो?

ताई, नमस्कार. तिळगुळाच्या शुभेच्छा. मी 59 वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, प्रतापनगरला राहते. पोळ्याच्या आठवड्यात माझे मिस्टर अचानक गेले. मुलगा 28 वर्षांचा आहे, पुण्याच्या कंपनीत आहे, पण तेव्हापासून इथे राहून घरूनच काम करतो. काम नीट करतो, जेवतो, झोपतो, त्याबद्दल तक्रार नाही. दिवसभर कानाला हेडफोन असतो, हाक मारली तरी ऐकू जात नाही, खांद्याला हात लावावा लागतो. तेही चालेल. पण रात्रीचे दहा वाजले की हॉलमधल्या टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लावतो. जवळपास रोज. कधी पूर्ण, कधी अर्धा. आवाज एवढा की मला आतल्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू येतो. संवाद पडद्याच्या आधी हाच म्हणतो, अगदी ह्यांच्यासारखा, आणि खदाखदा हसतो. वडलांना जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि मुलगा हसून राहिला, हे माझ्या जिवाला फार लागतं. मी आत मोबाइलवर दिलीपकुमारचे जुने सिनेमे पाहते, रडून मोकळी होते. त्याला असं काही पाहावंसं का वाटत नाही? वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा विचारलंच, ‘तुमच्याकडे रोज पाहुणे असतात का?’ मैत्रीण म्हणते, हे लक्षण बरं नाही, डॉक्टरला दाखव. त्याला दुःखच झालं नाही का हो? ते सिनेमांचं सबस्क्रिप्शन बंद करून टाकू का?
एक आई, नागपूर

बाई, तुम्ही इतकी वर्षं पेपर तपासलेत. आता लाल पेन घ्या आणि स्वतःचं पत्र तपासा. त्यात दोन वाक्यं आहेत, मध्ये जेमतेम चार ओळींचं अंतर, आणि त्या दोघांची गाठ तुम्ही घालून दिलेली नाही. पहिलं: दिवसभर कानाला हेडफोन असतो. दुसरं: रात्री टीव्हीचा आवाज आतल्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू येतो.

ज्या मुलाकडे हेडफोन आहे, त्याची इतकी सवय आहे की आईची हाक त्याला ऐकू जात नाही, तो मुलगा बरोबर दहा वाजता तो काढून ठेवतो. काहून? लॅपटॉप त्याच्याकडे आहे, स्वतःची खोली असणार, खोलीला दार असणार. एकट्यालाच सिनेमा पाहायचा असता तर अंथरुणात पडून पाहिला असता आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता.

तुम्ही म्हणाल, आवाज मोठा ठेवायची सवयच आहे आमच्याकडे. मे महिन्यात पत्र आलं असतं तर मी मान्य केलं असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात टीव्ही कूलरशी भांडूनच ऐकावा लागतो. पण तुमच्या पत्रात तिळगूळ आहे. जानेवारीत कूलर गॅलरीत ताडपत्रीखाली झोपलेला, पंखे बंद, थंडीमुळे खिडक्या लावलेल्या. रात्री दहाला प्रतापनगरच्या गल्लीत कुत्री सोडली तर आहे कोण आवाज करायला? हॉलमध्ये बसलेल्या माणसाला एवढ्या आवाजाची गरजच नाही. तो आवाज आतल्या खोलीच्या मापाने लावलेला आहे. तुमचा मुलगा रोज रात्री तुम्हाला बाहेर बोलावतो आहे, आणि तुम्ही दार लोटून दिलीपकुमारला पाहताय.

मग सरळ ‘आई, ये ना बसायला’ असं का म्हणत नाही? कारण तो 28 वर्षांचा मुलगा आहे आणि आपल्या घरांत मुलग्यांना हे वाक्य कोणी शिकवत नाही. चहा मागता येतो, गाडीची किल्ली मागता येते. ‘माझ्याजवळ बस’ हे मागायला त्यांची जीभ उचलत नाही. शिवाय त्याला भीती असेल की त्याने बोलावलं तर तुम्ही रडाल, किंवा त्याहून वाईट, नाही म्हणाल. म्हणून त्याने रिमोटचं बटण दाबलं. तेवढंच त्याला सुचलं.

आता त्या हसण्याकडे येऊ. रॉबर्ट प्रोवाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हसण्याचाच अभ्यास केला, बाजारात, आवारात, लोक खरोखर हसतात तिथे जाऊन. त्यांना दिसलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे 30 पट जास्त सोबतीत हसतो. एकटा माणूस विनोदी सिनेमा पाहताना फार तर ओठांतल्या ओठांत हसतो. खदाखदा हसायला ऐकणारं कोणीतरी लागतं. त्यात हा सिनेमा तर त्याला पाठ आहे. पाठ झालेल्या विनोदावर रोज एकट्याने मोठ्याने हसू फुटत नाही, ते काढावं लागतं. तो कोणाला ऐकवण्यासाठी हसतो आहे, हे आता मी सांगायला हवं का?

‘त्याला दुःखच झालं नाही का’ हा प्रश्न वाचून मला राग आला, खरं सांगते. सिनेमा हसरा म्हणून माणूस आनंदात, सिनेमा रडका म्हणून माणूस दुःखात, इतका सोपा हिशेब असता तर बरं झालं असतं. ‘बनवाबनवी’ 1988 चा. योगायोग असा की त्याच वर्षी डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने एक सिद्धांत मांडला. माणूस काय पाहायचं ते निवडतो, तेव्हा नकळत आपला मूड ताळ्यावर आणण्यासाठी निवडतो. कंटाळलेला थरार शोधतो, दमलेला शांत काहीतरी लावतो, मन खाली गेलेला हसरं पाहतो. म्हणजे विनोदी सिनेमा रोज लावणाऱ्या घरात दुःख नाही असं समजू नये, त्या घरात दुःख किती आहे ते विचारावं. या सिद्धांताला एक मोठी फट होती. दुःखी माणसं पुष्कळदा मुद्दाम रडकंच पाहतात, त्याचं काय, हे त्यात नीट बसेना. पुढच्या अभ्यासकांना त्यावर बराच घाम गाळावा लागला. ती फट तुमच्यासारख्यांनी पाडलेली, बाई.

तुमच्या रडण्यालाही मी नावं ठेवत नाही. संस्कृत नाटककार भवभूती आपल्याच विदर्भातला, पद्मपूरचा. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं, असं आपले संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिलं. त्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त लिहून ठेवलंय की तळं तुडुंब भरलं की पाणी वाहून जाऊ देणं हाच उपाय, आणि शोकाने भरलेलं मन विलापानेच तग धरतं. अंबाझरी तलावाचा सांडवा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दिलीपकुमार तुमचा सांडवा आहे. असू द्या. पण मुलाचंही तळं भरलंय. त्याचं पाणी तुमच्याच वाटेने वाहिलं पाहिजे, हा हट्ट कशाला?

त्याच नाटकाचा पहिला अंक आठवा. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच वनवासाची चित्रं पाहतात. सगळं होऊन गेलेलं आहे, समोर आहे ते फक्त रंगवलेलं. तरी शूर्पणखेच्या चित्रापाशी सीता घाबरते आणि रामाला सांगावं लागतं की अगं, हे चित्र आहे. चित्र पाहून माणसाचं मन हलतं हे आठव्या शतकातल्या आपल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्यासाठी कोणा अमेरिकनाची वाट पाहावी लागली नाही. (आधी दोन अमेरिकी संशोधक सांगून मग हे म्हणते आहे, हे मलाही दिसतंय.) पण मला त्या अंकात दुसरंच महत्त्वाचं वाटतं. ती चित्रं ते एकत्र उभे राहून पाहतात. सीता एका दालनात आणि राम दुसऱ्या दालनात, असं भवभूतीने केलेलं नाही.

आणि दिलीपकुमारचंच सांगायचं तर, ज्याच्या आधाराने तुम्ही रोज रडता त्या माणसाला स्वतःला ते झेपलं नाही. एकामागून एक शोकांत भूमिका करून मनावर इतका ताण आला की त्याने इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला. तज्ज्ञाने सांगितलं, हलक्याफुलक्या भूमिका कर. मग 1955 मध्ये ‘आझाद’ आला, पुढे ‘कोहिनूर’. म्हणजे तुमच्या नायकाला डॉक्टरने जे लिहून दिलं, ते तुमचा मुलगा न विचारता घेतो आहे.

बरं, तो सिनेमा तरी काय आहे? लोक विनोद लक्षात ठेवतात, गोष्ट विसरतात. चौघांच्या डोक्यावर छप्पर नाही. खिशात पैसे नाहीत, राहायला जागा मिळत नाही, म्हणून दोघं लुगडं नेसून दुसऱ्या दोघांच्या बायका होतात आणि खोटा संसार मांडतात. कसं का होईना, घर टिकवायचं, एवढीच त्यांची धडपड. ज्या घरातला माणूस गेला त्या घरात हा सिनेमा रोज लागतो, यात मला विचित्र काही दिसत नाही. शिवाय त्यात पुढच्या मिनिटाला काय होणार ते त्याला माहीत आहे. दार वाजलं की कोण आत येणार, कोण पकडलं जाणार, कोण सुटणार. पोळ्याच्या आठवड्यात तुमच्या घरात जे झालं ते कोणालाच माहीत नव्हतं.

‘अगदी ह्यांच्यासारखा’ असं तुम्ही तक्रारीत लिहून गेलात. पडद्याच्या आधी संवाद म्हणायची खोड तुमच्या मिस्टरांची होती तर. आता घरात तो आवाज दुसरं कोण काढणार? मला वाटतं तुम्हाला टीव्हीचा त्रास होतच नाही. तुम्हाला तो दुसरा आवाज आत बसून ऐकवत नाही. मग बाहेर येऊन ऐका.

मैत्रिणीचं लवकर उरकते. काम करतो, जेवतो, झोपतो, असं तुम्हीच लिहिलंय. यातलं काही बिघडलं, तो गप्प गप्प राहू लागला, जगण्यात राम नाही असं बोलू लागला, तर डॉक्टर आहेतच, 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन आहे, आणि मग एक दिवसही थांबू नका. आज मात्र सिनेमा पाहून हसतो एवढ्यावरून त्याला पेशंट करू नका. वरच्या वहिनींबद्दल मला काहीही म्हणायचं नाही.

तर आज रात्री काय करायचं ते सांगते, आणि एवढंच करायचं. दहाला आवाज सुरू झाला की मोबाइल आतच चार्जिंगला लावा आणि हॉलमध्ये जाऊन बसा. संत्री सोलून द्यायच्या निमित्ताने दारात उभ्या राहू नका, ते उभं राहणं सगळ्या आयांना फार छान जमतं. त्याच्या शेजारी बसा. ‘आज काय मनात आलं’ असं तो विचारेल, किंवा विचारणारही नाही. तुम्ही उत्तर देऊ नका. ‘आवाज कमी कर’ म्हणू नका. तुम्ही बसलात की तो आपोआप कमी करतो का, तेवढं मात्र बघा. करील, असं माझं म्हणणं आहे. बाबांचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर सिनेमा चालू राहू द्या आणि बोला, कारण पडद्याकडे पाहत बोलणं मुलांना सोपं जातं, आईच्या डोळ्यांत पाहून जात नाही.

रडू आलं तर रडा. विनोदी सिनेमा चालू असताना रडायला बंदी नाही. आणि हसू आलं तर ते दाबायचं नाही. विधवेने पहिल्या वर्षात हसू नये असं तुमच्या मनात कुठेतरी बसलंय, पत्राच्या ओळीओळीत ते दिसतं, आणि मुलावरचा निम्मा राग त्यातूनच आलाय. तुमच्या मिस्टरांनी हा सिनेमा हसत पाहिला. त्यांच्या माघारी तो सुतकी चेहऱ्याने पाहावा, असं ते नक्कीच सांगून गेले नसतील.

एका रात्रीत काही होणार नाही. उद्याही दहाला जा, परवाही जा. आठवड्याभरात त्याला म्हणा, आज माझा सिनेमा. त्याला दिलीपकुमार दाखवा, पण सुरुवात ‘कोहिनूर’पासून करा, एकदम रडक्यात ढकलू नका पोराला. तो कंटाळेल, मध्येच मोबाइल बघेल. बघू द्या. तो उठून जाणार नाही.

सबस्क्रिप्शन बंद करायचं नाव काढू नका. मुदत संपत आली असेल तर आजच पैसे भरा.