वाचकांचे प्रश्न: वळिवडे आणि गांधीनगर

कोल्हापूरजवळच्या, पंचगंगाकाठच्या या जोडगावांबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: तिकीट वळिवड्याचे काढायचे आणि उतरून गांधीनगरच्या बाजारात जायचे. गाव एक की दोन? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: गावे दोन, ग्रामपंचायती दोन, तालुका एकच, करवीर. वळिवडे हे नदीच्या उजव्या काठावरचे जुने शेतकरी गाव. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली आणि पुढे रुळांलगतच्या मोकळ्या माळावर दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. छावणी रिकामी झाल्यावर फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे त्याच बराकींत आली. त्यांनी कापडाचा घाऊक व्यापार उभा केला आणि वस्तीचे नाव गांधीनगर झाले. बाजार आता उचगाव आणि गडमुडशिंगीच्या हद्दीलाही भिडला आहे, त्यामुळे दुकानाचा पत्ता गांधीनगरचा आणि घरफाळा दुसऱ्याच ग्रामपंचायतीचा, असेही आढळते. जागा घेताना आधी हद्द पाहा.

प्रश्न: वळिवड्याचे पोलिश लोक जामनगरच्या महाराजांनी आणले होते ना? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर: नाही. ही गल्लत फार ठिकाणी होते आणि मुलांना शिकवताना ती टाळायलाच हवी. जामसाहेबांची, म्हणजे जामनगरच्या महाराजांची, छावणी सौराष्ट्रात, बालाचडीला होती. ती 1942 ची आणि मुख्यतः मुलांची. वळिवड्याची वसाहत 1943 पासून 1948 पर्यंत होती. भारतातली ती सर्वांत मोठी पोलिश वसाहत. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बायका आणि मुले अधिक. सोव्हिएत राजवटीने 1940-41 मध्ये पोलंडमधून हद्दपार केलेली ही कुटुंबे इराणमार्गे भारतात पोहोचली. वळिवड्यात त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना आणि बालवीर पथके होती. बालाचडी बंद झाल्यावर 1946 मध्ये तिथली बरीच मुले इकडे आली. दोन्ही छावण्यांचा धागा जुळतो तो इथे.

प्रश्न: नोकरी कोल्हापुरात आहे. गांधीनगर-वळिवडे परिसरात घर घ्यावे का? पुराचे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अंतर ही अडचण नाही. पॅसेंजर वळिवड्याला थांबते, शहरातून केएमटीची बस येते, महामार्गावरच्या तावडे हॉटेल चौकातून दुचाकीने रस्ता सरळ आहे. एक्स्प्रेस इथे थांबेल असे गृहीत मात्र धरू नका. खरा निर्णय पाण्यावर करायचा.

पहिली गोष्ट, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून गट नंबर घ्या आणि तो पाटबंधारे खात्याच्या पूररेषा नकाशावर शोधा. निळी रेषा म्हणजे सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत नदीकडे बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, पण तिथे तळमजला राहण्यासाठी घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नगररचना कार्यालयाचा झोन दाखला स्वतः काढा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

मग गल्लीत चौकशी करा. कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांवर गेले. हे आकडे बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आहेत, तुमच्या दारातल्या पाण्याची खोली नव्हे. म्हणून शेजाऱ्यांना विचारायचे, "राजारामला किती फूट झाल्यावर इथे पाणी येतं?" जुन्या रहिवाशांकडे याचे उत्तर असते, आणि कुठल्याही जाहिरातीपेक्षा ते विश्वासाचे. पाणी नदीकडूनच येईल असेही नाही. नदी फुगली की ओढ्याचे पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे चढते. नदीपासून लांबची घरे अशीच बुडतात. भराव टाकून उंच केलेला प्लॉट कोरडा राहिला तरी रस्ता बंद होऊ शकतो. महामार्ग शिरोलीजवळ बंद होतो आणि पाणी रुकडीच्या पुलाला लागले की रेल्वेही थांबवतात. घर सुरक्षित पण माणूस अडकलेला, हा हिशेबही घराच्या किमतीत धरा.

प्रश्न: पाऊस थांबतो, ऊन पडते, तरी पूर उतरायला इतके दिवस का लागतात? (एक वाचक, रुकडी)

उत्तर: प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येते आणि तीच पंचगंगा. घाटाकडून ते जोरात उतरते, पण कोल्हापूरच्या पुढे उतार अगदी कमी आणि नदी वळणावळणाची. शेवटी नृसिंहवाडीला कृष्णेत मिळायचे. तिथे कृष्णाच भरून वाहत असेल तर पंचगंगेचे पाणी तुंबते, आणि हा फुगवटा मागे मागे येतो. त्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले असतील तर भोगावतीतून भर पडतच राहते. त्यामुळे पाणीपातळीच्या रोजच्या पत्रकात एकट्या राजारामचा आकडा पाहू नका. सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ या खालच्या बंधाऱ्यांचे आकडेही क्रमाने वाचा. राजाराम उतरतोय आणि शिरोळ अजून चढतोय, असे दिसले तर खाली जागा झालेली नाही. रुकडीकरांनी अशा वेळी गोठ्यातली जनावरे परत आणण्याची घाई करू नये.