केमोच्या दिवशी सोबत जाताना

प्रश्न : वडिलांची कॅन्सरची पहिली केमो सोमवारी बेळगावला आहे. निपाणीहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल का?

उत्तर : बहुतेकदा येतं, पण शेवटच्या बसवर हिशेब ठेवू नका. आधी रक्ताचा रिपोर्ट बघतात. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असल्या तर केमो पुढे ढकलतात. म्हणून आदल्या दिवशी निपाणीतच रक्त तपासलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. एक खेप वाचेल. मग वजन, उलटी होऊ नये म्हणून औषधं, आणि त्यानंतर सलाईनमधून केमो. कुणाचं तासाभरात आटपतं, कुणाला पाच-सहा तास लागतात. उपाशी नेऊ नका, थोडं उप्पीट किंवा इडली खाऊ द्या. शाल, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या बरोबर घ्या. साखरेचा त्रास असेल तर आधीच सांगा, कारण सोबत स्टेरॉईड देतात तेव्हा साखर चढते.

आणि सुईवर लक्ष ठेवा. औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस जळू शकतं. आमच्याकडे एक आजोबा हाताची आग होत असताना गप्प बसून राहिले, ‘सिस्टरना कशाला त्रास’ म्हणून. चादर बाजूला केली तेव्हा मनगट लाल होऊन सुजलं होतं. तुमचे वडीलही तसेच सोशिक असतील तर दर थोड्या वेळाने तुम्हीच विचारा. जळजळ, अंगाला खाज, छातीत दाटल्यासारखं, काहीही वाटलं तरी तिथल्या तिथे हाक मारा.

प्रश्न : आईला कन्नड येत नाही. संमतीचा फॉर्म मात्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. अंगठा द्यावा का?

उत्तर : समजल्याशिवाय नाही. ‘मराठीत सांगा’ म्हणायला संकोच नको, तो तिचा हक्क आहे. बीपीएल रेशन कार्ड असेल तर कार्ड आणि आधार घेऊन आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे सरकारी योजनेसाठी मदत करणाऱ्यांना, भेटा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत अशा कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात.

प्रश्न : केमोनंतर बायकोला लाल लघवी झाली. रक्त असेल का?

उत्तर : डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध दिलं असेल तर एक-दोन दिवस तसा रंग येतो. दुसरं औषध असेल, जळजळ असेल किंवा रंग टिकला तर लगेच दाखवा.

प्रश्न : आम्ही जांबोटीच्या आत राहतो. रात्री ताप आला तर सकाळपर्यंत थांबलं तर चालेल?

उत्तर : नाही, चालणार नाही. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, आणि तेव्हाचा ताप काही तासांत जिवावर बेततो. थर्मामीटर घरात ठेवा. 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त दिसला की निघा. ताप उतरवायची गोळी देऊन वाट बघू नका, त्याने ताप नुसता झाकला जातो. काढे तर नकोच. रात्री कुणाची गाडी मिळेल ते केमोच्या आधीच बोलून ठेवा, नाहीतर 108 ला फोन करा. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा : ‘केमो चालू आहे, ताप आलाय.’