पॉदफाकला येताय? आधी मुलीचं बोलू

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. अंबाजोगाईच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवता, कायम होण्याची आशा आता राहिली नाही. रशियातल्या एका विद्यापीठात आधी वर्षभर भाषा आणि मग एम.ए. असा प्रवेश मिळतोय. रशियनचं एक अक्षर येत नाही. ती वर्षात येते का, सात वर्षांच्या मुलीला सोबत न्यावं का, आणि एकटेपणा किती वाटतो?

मी उदगीरचा. राहतो त्वेरला, मॉस्कोच्या वर, व्होल्गाच्या काठावर. पॉदफाक, म्हणजे तुम्ही ज्या तयारीच्या वर्गाला येणार तो, मीही केला. मग शिक्षण, मग नोकरी, आणि बऱ्याच उशिरा बायको-मुलगा आले. व्हिसा, अपोस्टिल (आपला कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), मेडिकल, बोटांचे ठसे, आल्यावरची नोंदणी हे सगळं विद्यापीठ आणि दूतावास लिहून देतात, ते मी परत लिहीत नाही. भारतातली व्हिसा-मास्टरकार्डं २०२२च्या मार्चपासून इथे चालत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. आणि कुणी एजंट शिक्षणासोबत काम देतो म्हणून रशियन भाषेतल्या करारावर सही मागायला लागला तर करू नका. आपली पोरं अशाच सह्यांवर सैन्यात अडकली, सरकारने त्याबद्दल इशारेही दिलेत.

भाषा येते. वर्गात कोणी चीनचा, कोणी सिरियाचा, कोणी आफ्रिकेतला. सगळ्यांना समजेल अशी दुसरी भाषाच नसते, म्हणून बाई पहिल्या तासापासून रशियनमध्येच बोलतात. वर्षाच्या शेवटी बी-वन, म्हणजे मधली पातळी गाठायची असते. तुम्हाला भाषेतच एम.ए. करायचंय, तेव्हा तिच्या वरच्या बी-टूची तयारी मनात धरूनच या.

तुम्ही मराठीच्या आहात म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंग्रजीतून रशियनकडे येणारा माणूस नपुंसकलिंग म्हटलं की गांगरतो. आपल्याला तो, ती, ते जन्मापासूनचं. विभक्त्या सहाच आहेत, शाळेत 'स, ला, ते' घोकलेल्याला त्याचं काय भ्या. तू आणि तुम्ही हा भेद आपल्यासारखाच. रशियनमधले दोन वेगळे च आपल्या 'चिंच'मध्ये दोन्ही सापडतात, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. त्यातल्या शेवटच्यासाठी हिंदीवाल्या पोरांना घाम फुटताना मी पाहिलाय.

अडतं ते वेगळ्याच जागी. आपलं एक 'जाणं' इथे कितीतरी क्रियापदांत फुटतं: पायी वेगळं, गाडीने वेगळं, एका दिशेने निघालेलं वेगळं, नेहमीची ये-जा वेगळी. पायी येण्याचं क्रियापद लावून 'मी भारतातून आलो' म्हणालात की वर्ग हसतो, कारण तुम्ही अंबाजोगाईहून चालत आलात असा अर्थ होतो. आकड्यांचंही तसंच. एक रुबल असेल तर एक रूप, दोन ते चारला दुसरं, पाचापासून तिसरं, आणि एकवीसला परत पहिलं. दुकानात सुटे पैसे मोजताना व्याकरण मोजावं लागतं. आघात कुठल्या अक्षरावर पडेल याचा नियम शोधत बसू नका, शब्दासोबत तोही पाठ करा. आघात नसलेला 'ओ' लिहिण्यात असतो, बोलण्यात 'अ' होतो. दूध लिहायचं मोलोको, म्हणायचं मलाको.

छापील अक्षरं ३३ आहेत, ती आठवड्यात येतात. हाताचं लिखाण मात्र वेगळंच प्रकरण आहे. छापील 'त' हाताने लिहिला की इंग्रजी एमसारखा दिसतो, आणि श, म, ल, इ शेजारी-शेजारी आले की कागदावर नुसत्या वेलांट्याच. फळ्यावरचं, डॉक्टरचं, ऑफिसातल्या बाईचं सगळं तसंच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवतात, मुंबईत पेडर रोडला रशियन हाऊस आहे. पण तासिकांच्या मानधनात पुण्या-मुंबईला राहून शिकणं कुठलं जमणार, मला माहीत आहे. निदान 'प्रोपिसी' नावाची पहिलीच्या मुलांची सुलेखनाची वही छापून घ्या आणि रोज एक पान गिरवा. मुलीलाही शेजारी बसवा. त्याचं कारण पुढे येईल.

संस्कृतीचाही तास असतो. त्यात मास्लेनित्सा या सणाला धिरड्यासारखे ब्लिनी खाऊ घालतात, पुश्किनच्या चार ओळी पाठ करून घेतात, जिवंत माणसाला फुलं विषम संख्येत द्यायची आणि सम संख्या मयताची, हे शिकवतात. छान असतं. पण इथली खरी ओळख मला ऑफिसांच्या खिडक्यांपुढे झाली. रांग दिसत नाही, पण असते. आत गेल्यावर मोठ्याने विचारायचं, 'क्तो पस्लेद्नी?' शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतं. तुम्ही त्याच्या मागे, मग कुठेही जाऊन बसा. हे न विचारता उभं राहिलात तर तासभर उभं राहूनही तुम्ही रांगेत नसताच.

आणि नाव. ताई, नावाचं फार जपा.

इथे माणसाला आदराने हाक मारताना त्याचं नाव आणि बापाच्या नावावरून केलेलं मधलं नाव घेतात. आपल्यासारखंच वाटतं, नाही का? मलाही बरं वाटलं होतं. बायको-मुलाच्या कागदांसाठी गेलो तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी दोघांची भाषांतरं शेजारी-शेजारी ठेवली. दोघांच्या नावात मधे माझं नाव, आडनाव एकच. इथली बाई लग्नानंतर आडनाव बदलते, पण मधलं नाव मरेपर्यंत बापाचंच. त्या हिशेबाने माझी बायको आणि माझा मुलगा बहीण-भाऊ झाले आणि मी दोघांचा बाप. मग त्यांनी अगदी सरळ विचारलं, या मुलाची आई कुठे आहे, तिचं संमतीपत्र लागेल. आई शेजारी उभी होती. मी लग्नाचा दाखला पुढे केला, त्यात बायकोचं माहेरचं नाव. आता ही तिसरीच बाई कोण?

वर भाषांतर दोन ठिकाणी केलेलं. आपल्या 'ह'साठी रशियनमध्ये नेमकं अक्षर नाही. एकाने 'ख'चं लावलं, दुसऱ्याने 'ग'चं. आडनाव एकाच माणसाचं आणि माणसं दोन. परत नोटरी, परत शिक्का, परत स्प्राव्का. कुठलाही दाखला इथे स्प्राव्का, आणि एका स्प्राव्कासाठी दुसरी लागते. आपल्या तहसीलला मी पुष्कळ शिव्या दिल्यात, पण तिथे निदान 'साहेब, जरा बघा की' म्हणायची भाषा माझी होती.

तुमच्या पदव्या माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या नावावर असणार. दोन्ही जोडणारा राजपत्राचा किंवा लग्नाचा कागद आधीच अपोस्टिल करून आणा. व्हिसावर नाव रशियन अक्षरांत जसं छापून येईल तसंच, काना-मात्रेसकट, प्रत्येक भाषांतरात घालायला सांगा. कुणी 'बरोबर उच्चार असा आहे' म्हणून सुधारायला लागलं तर सुधारू देऊ नका.

आता मुलीचं.

माझा मुलगा उदगीरच्या शाळेतून तिसरी करून आला. पाढे वीसपर्यंत पाठ, अक्षर वळणदार, वर्गात पहिल्या दोघा-तिघांत. इथल्या शाळेने त्याला पहिलीत बसवलं. भाषा येत नाही, पहिलीत त्याला सोपं जाईल, असं उपमुख्याध्यापिका म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या. मी आदल्या रात्री वाक्यं लिहून तयार केली होती. गणित त्याचं पुढे आहे, भाषेसाठी वेगळी शिकवणी लावतो, वर्ष वाया घालवू नका. हे सगळं मला रशियनमध्ये येत होतं. पण समोरचा माणूस बोलत असताना मधेच शिरायला जी भाषा लागते ती पॉदफाकमध्ये शिकवत नाहीत. मी षष्ठीचा प्रत्यय जुळवेपर्यंत त्या पुढच्या विषयावर गेल्या होत्या. मग मी 'हो, धन्यवाद' म्हणालो.

एक सप्टेंबरला सगळी मुलं फुलं घेऊन शाळेत जातात. हा त्यांच्यात डोकं वर निघालेला, हातात गुलछबू नाही म्हणून ग्लॅडिओलस. वर्गात तीन सफरचंदं आणि दोन सफरचंदं. तो मला घरी येऊन म्हणाला, 'बाबा, मी नापास झालो का?' आज तो वर्गात सगळ्यांत मोठा आहे आणि शाळा सुटेपर्यंत राहील. त्याला आता त्याचं काही वाटत नाही. माझ्या डोक्यातून मात्र जात नाही. अजूनही कधी आंघोळ करताना ती वाक्यं म्हणतो, आता प्रत्यय बरोबर येतात.

तुमच्या वेळेला नियम आणखी कडक झालाय. २०२५च्या एप्रिलपासून परदेशी मुलांना शाळेत प्रवेशाआधी रशियनची चाचणी द्यावी लागते, त्यात उतरलं नाही तर प्रवेश नाही. म्हणजे भाषा शिकायला शाळा हवी आणि शाळेसाठी भाषा हवी. म्हणून वर लिहिलं, मुलीला वही गिरवायला बसवा. नुसतं गिरवणं पुरणार नाही, तिच्याशी रशियन बोलणारं कुणी ऑनलाइन मिळालं तर बघा.

आणि एकदा शाळेत गेली की ती तुमच्या पुढे जाईल. किती लवकर, याची कल्पना तुम्हाला येणार नाही. माझा मुलगा हिवाळा संपायच्या आत माझ्यापेक्षा चांगलं बोलायला लागला. दुकानात मी बोलतो आणि हा शेजारून हळूच आघात दुरुस्त करतो. लोक त्याच्याकडे बघून बोलायला लागतात. घरमालकीणबाई मला सोडून त्याला विचारतात, बाबांना सांग नळवाला उद्या येईल. अभिमान वाटतो, वाटायलाच पाहिजे. पण ताई, मला त्याचा हेवाही वाटतो. मी घासून-घासून जे मिळवलं ते त्याने मैदानावर खेळता-खेळता उचललं, आणि ते माझ्यापेक्षा शुद्ध आहे. हे मी बायकोलाही बोललेलो नाही. तुम्ही ओळखीच्या नाहीत म्हणून लिहिता आलं असेल.

त्याची मराठी आता घरातल्या घरात, जेवायला ये, मोजे कुठेत, एवढीच उरलीय. जोडाक्षरं आली की थांबतो. माझ्या आईशी फोनवर बोलला की ती मला म्हणते, लेकरू परक्यावानी बोलायलंय. तुम्ही मुकुंदराजांच्या गावच्या, त्यात मराठीच्या प्राध्यापक. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त लागेल, म्हणून आधीच सांगितलं.

एकटेपणाचं विचारलंत. होतो, सवय लागते. डिसेंबरात चारच्या सुमारास दिवे लावावे लागतात, त्याने मन जरा उतरतं. काम असलं की निभावतं. जेवणात ज्वारी विसरा, भाकरीची भूक ग्रेच्कावर, म्हणजे बकव्हीटच्या शिजवलेल्या दाण्यांवर, भागवायला शिका. शेपू आवडत असेल तर सुखात राहाल, इथे सूपापासून बटाट्यापर्यंत सगळ्यावर शेपू. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, मी ताकाऐवजी केफिर घालून अंबील केलं होतं, बायको म्हणाली बरं लागतंय, तिने वाटी मात्र संपवली नाही. २०२५च्या ऑगस्टपासून व्हॉट्सॲपचे कॉल इथे अडवलेत, म्हणून आईशी बोलायला दुसरं ॲप लावून द्यावं लागलं आणि ते तिला जमत नाही. भाचा घरी आला की लावून देतो. बाकी काही नाही.

इथे त्वेरमध्ये नदीकाठी अफनासी निकितीनचा १९५५ सालचा पुतळा आहे. हा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात विकायला एक घोडा घेऊन आपल्याकडे आला. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणाला, कसाबसा सुटला, आणि मग बीदरला बहामनी राजधानीत राहिला. बीदर म्हणजे आमच्या उदगीरहून एसटीने जायचं गाव, १९५६पर्यंत आमचा जिल्हाच तो. त्याने लिहून ठेवलंय की पुस्तकं वाटेतच लुटली गेली, त्यामुळे आता ईस्टर कधी, उपास कधी, काही कळत नाही. इथल्या सहकाऱ्यांना मी सांगितलं की मी त्याच्या बीदरच्या शेजारचा, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला गावाबद्दल काही विचारलं. तोवर मी नुसता 'भारतातला' होतो. परतताना तो स्मोलेन्स्कच्या आसपास वारला, त्वेरला पोचलाच नाही. हे शाळेतल्या मुलांना सांगतात, माझ्या मुलालाही सांगितलं. तो घरी येऊन मला म्हणाला, 'आपला निकितीन.' त्याच्या दृष्टीने तो त्वेरचा म्हणून आपला.

तर मुलीला आणावं का? माझ्या बायकोला विचाराल तर ती म्हणेल पहिलं वर्ष एकट्याने काढा, हॉस्टेलवर राहा, भाषा पदरात पडू द्या, मग आणा. मी म्हणेन पहिल्या वर्षीच आणा. सात म्हणजे इथे पहिलीचंच वय, तिला कुणी मागे बसवणार नाही. माझ्या मुलाच्या वाट्याला आलं ते तिच्या वाट्याला येणार नाही, फक्त चाचणीचं जमवावं लागेल. पण मग पॉदफाकच्या वर्षात तुमचा अभ्यास आणि तिचा अभ्यास एकाच टेबलावर, आणि तुम्ही वर्गात असताना तिला शाळेतून आणायचं कोणी? हॉस्टेलच्या खोलीत मूल ठेवू देतात का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या, फोनवरच्या 'हो'ला अर्थ नाही.

तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पण मुलीच्या वडिलांचं काय ठरलंय ते कुठेच नाही. ते येणार असतील तर एक हिशेब, अंबाजोगाईलाच राहणार असतील तर मुलीला देशाबाहेर न्यायला त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागेल आणि त्याचं भाषांतर. ते आधी कळवा, मग पुढचं लिहितो.