स्केपगोट म्हणजे बळीचा बकरा नव्हे!

प्रश्न असा आलाय की स्केपगोटला (इतरांच्या चुकांचा दोष ज्याच्यावर ढकलतात त्याला) मराठीत 'बळीचा बकरा' म्हणावं का, आणि मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही असं बायबलमधलं यहेज्केल 18:20 सांगतो तर मग बायबलच्याच लेवीय पुस्तकात बिचाऱ्या बकऱ्याने सगळ्यांची पापं का वाहायची.

पहिल्याचं उत्तर, नाही म्हणायचं! रोज कुठल्यातरी चॅनेलवर 'कनिष्ठ अधिकाऱ्याला बळीचा बकरा बनवलं' ऐकलं की डोकं फिरतं. लेवीय 16 उघडून वाचा ना, बकरे दोन आहेत. चिठ्ठ्या टाकायच्या, एक परमेश्वराच्या नावाची, एक अझाझेलच्या (हा कोण ते पुढे). परमेश्वराच्या वाट्याचा कापला जातो, बळीचा बकरा म्हणायचंच तर त्याला म्हणा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक अहरोन दोन्ही हात ठेवतो, इस्राएलची सगळी पापं कबूल करतो, म्हणजे अक्षरशः माथी मारतो, आणि त्याला जिवंत रानात सोडतात. लांब बदली करून हाकललेला अधिकारी हा दुसरा बकरा झाला. 'खापर फोडलं', 'माथी मारलं' असं नेमकं मराठी हाताशी असताना बळी कशाला?

कोणी म्हणेल पुढे यरुशलेमात त्याला कड्यावरून ढकलून मारायचे. मिश्नात, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या नियमसंग्रहात, तसं आहे, पण लेवीयमध्ये ढकलायची आज्ञा दाखवा.

आता खरी गंमत अझाझेलची. टिंडेलने 1530 मध्ये इंग्रजी भाषांतर करताना हा शब्द हिब्रूतल्या 'एझ' म्हणजे बकरी आणि 'अझल' म्हणजे निघून जाणं असा तोडला, त्यातून 'निसटलेला बकरा' म्हणून स्केपगोट निघाला. मला हे अजिबात पटत नाही, कारण एक चिठ्ठी 'परमेश्वरासाठी' असेल तर दुसरीवरही कोणाचं तरी नावच असणार. मध्ययुगीन यहुदी भाष्यकार राशी तल्मूद या यहुदी धर्मग्रंथाला धरून कठीण कडा असा अर्थ देतो, तोही ओढूनताणून, कड्यासाठी कोणी चिठ्ठी टाकतं का? 12व्या शतकातल्या इब्न एझ्रा या यहुदी भाष्यकाराने मात्र इथे एक कोडं घातलंय, की तू तेहतीसचा झालास की तुला कळेल. लोक वय समजतात, पण मोजायची आहेत वचनं! 16:8 पासून तेहतीस वचनं पुढे जा, बरोबर 17:7 येतं, आणि तिथे काय, तर इथून पुढे अजदैवतांना, म्हणजे बकऱ्याच्या रूपातल्या भुतांना, बळी देऊ नका. म्हणजे अझाझेल हा रानातलाच कोणीतरी. पुढच्या शतकात रामबान या भाष्यकाराने, इब्न एझ्रा गुपित राखतो आणि मी चहाडखोर ते फोडतो, असं म्हणत हे उघड केलं. माझं तर ठाम मत आहे की जुनी रानभुतांची चाल मोडता येईना म्हणून तिच्यातला बळी काढून टाकला आणि नुसतं पाप पाठवायची सोय ठेवली.

राहिला यहेज्केल. तिथे आणि लेवीय 16:22 मध्ये भार वाहण्याचं हिब्रू क्रियापद एकच, 'नासा'. तेच बायबलच्या निर्गम 34:7 मध्ये पापाची क्षमा करणं या अर्थाने येतं, आणि त्याच वचनात पुढे तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शिक्षाही आहे. दोन पुस्तकं कशाला ताडून बघायची, एका वचनातच दोन्ही बसलंय, त्यावर वेगळंच लिहायला हवं.