तुटलं तर तुकडा कुठे जाईल?

चिरंजीव,

तुझे दोन्ही फोटो चष्मा लावून नीट पाहिले. पिन काढायचा पुलर तू भंगारातल्या २५ मिलिमीटर प्लेटमधून केलास, हे बघून बरं वाटलं. पोकलेनची ८० मिलिमीटरची पिन बुशात, म्हणजे ती फिरते त्या नळीत, गंजून बसली की दोन माणसं दिवसभर घण मारतात आणि संध्याकाळी गॅस कटर आणतात. तू जॅक लावून ढकललीस. शाबास.

घणाचं नाव निघालं म्हणून सांगतो. माझ्या डाव्या कोपराखाली एका पिनेची कणी तेवीस वर्षं मुक्कामाला आहे. कडक पिनेवर कडक घण थेट बसला की कड उडते, म्हणून मधे पितळेचा तुकडा धरायचा. मला ठाऊक होतं. तुकडा शेडच्या दुसऱ्या टोकाला होता, एवढंच. थेंबभर रक्त आलं, चिंधी बांधली, कामाला लागलो. गेल्या वर्षी पाठीसाठी एमआरआय सांगितला तेव्हा तिथल्या मुलीने विचारलं, "काका, अंगात कुठे लोखंड वगैरे?" आधी एक्स-रे काढावा लागला. घरच्यांना तेव्हा कळलं.

तर तुझा पुलर. प्लेट उत्तम, वेल्डिंगही भरलेलं दिसतंय. बॉटल जॅक आडवा लावताना पंपाची बाजू खाली ठेवलीस, म्हणजे तेल उचलणार, हेही तुला सुचलं. पण जॅकचा सगळा ताण घेणारे ते दोन थ्रेडेड रॉड हार्डवेअरच्या दुकानातले आहेत ना? हिशेब कर. साधा एम-२०, म्हणजे २० मिलिमीटर जाडीचा, रॉड सहा टनांच्या आसपास कायमचा ताणायला लागतो आणि दहाच्या आसपास तुटतो. दोन मिळून ताणायला बारा, तुटायला वीस. तुझा जॅक वीस टनांचा. पिन हलली नाही तर रॉड जाणार आणि तो बंदुकीच्या गोळीसारखा आपल्याच रेषेत सुटणार. ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, रॉड आणि त्यांना साजेसे नट लाव, पुलरवर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा टाक आणि पंप मारताना बाजूला उभा राहा. रॉडच्या रेषेत कुणी नको, चहा घेऊन आलेला पोऱ्यासुद्धा.

घरगुती हत्यार हातात घेताना मी एकच विचारतो: हे तुटलं तर तुकडा कुठे जाईल आणि ओझं कुणावर येईल? सील बसवायला पाइपचा तुकडा, बोल्टची डोकी कापून केलेले गाइड, पाना वाकवून केलेला आखूड पाना, ही सगळी तुटली तर फार तर बोटं सोलतात. असली हत्यारं खुशाल कर. मी आयुष्यभर केली.

दुसऱ्या फोटोतला हुक मात्र मला आवडला नाही. टीएमटी सळई वाकवून, वेल्ड करून, त्यावर सातशे-आठशे किलोची बकेट टांगलीस. त्या सळईची बरीचशी ताकद बाहेरच्या कडक सालीत असते. वेल्डिंगने तापली की तेवढ्या भागात ती साल नरम पडते. हुकाचं तोंड बंद ठेवणारा लॅचही नाही, स्लिंग (बकेट टांगायचा दोर) सैल पडली की निसटली. शिवाय स्लिंगचे दोन पाय इतके फाकलेत की मधला कोन १२० अंशांच्या जवळ दिसतोय. तिथे प्रत्येक पायावर अर्धं नाही, पूर्ण वजन येतं. उचलायचं सामान विकतच घ्यायचं, भार कोरलेलं. जुन्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमातच हे होतं: भार ठरलेला हवा आणि वर्षातून निदान एकदा जाणकाराची तपासणी. शेठ कुरकुर करेल, करू दे. हुक नुसता भंगारात टाकू नकोस, दुसरा कुणी उचलून वापरेल. गॅस कटरने दोन तुकडे कर.

त्याच फोटोत मागे दुसऱ्या मशीनचा बूम, म्हणजे मोठा हात, वर आहे आणि तुझा दोस्त खाली बसून हसतोय. तो बूम तेलावर उभा आहे रे, खांबावर नाही! आधी बकेट जमिनीला टेकव. इंजिन बंद, किल्ली ऑनवर, सेफ्टी लिव्हर उघडी ठेवून जॉयस्टिक चारी दिशांना फिरव म्हणजे दाब उतरेल. मग बॅटरी आयसोलेटर (बॅटरी तोडायचा खटका) बंद आणि किल्ली तुझ्या खिशात. ऑपरेटरच्या खिशात नाही, तो जेवून येतो आणि स्टार्टर मारतो. होजची, म्हणजे तेलाच्या रबरी नळीची, बारीक गळती हाताने चाचपू नकोस, पुठ्ठा धर. त्या धारेला ३०० बारच्या वर दाब असू शकतो. तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण मलम लावून थांबायचं नाही, त्याच तासात सर्जन गाठायचा.

८.८ चे दोन रॉड माझ्या पेटीत नटांसकट पडून आहेत. रविवारी येऊन घेऊन जा. येताना त्या हुकाचे दोन्ही तुकडे आण, मला बघायचेत.

तुझा,
उस्ताद