जर्मन नवऱ्याबरोबर तिकडे गेल्यावर दोन्ही देशांचं नागरिकत्व ठेवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही करवीर तालुक्यातल्या, होणारा नवरा जर्मन, लग्न कोल्हापुरात करून तिकडे जायचा विचार आहे, वडिलांच्या नावावर ऊसाची जमीन आहे. जर्मनीने आता दुहेरी नागरिकत्व मान्य केलंय, तर भारताचंही राहील का?

नाही राहत. जर्मनीने 27 जून 2024 पासून जुनं नागरिकत्व सोडायची अट काढली, हे खरं. पण ती त्यांच्या बाजूची अट. आपल्या नागरिकत्व कायदा 1955 चं कलम 9 सांगतं की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. लोक ज्याला 'दुहेरी' म्हणतात ते ओसीआय कार्ड, म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. त्यावर मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन खरेदीही नाही.

आधी लग्न. अंबाबाईच्या साक्षीने हार घातलेत तरी हिंदू विवाह कायद्याखाली नोंद होणार नाही. त्यासाठी दोघंही हिंदू लागतात. तुमचा रस्ता विशेष विवाह कायदा 1954 चा. दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात किमान 30 दिवस मुक्काम, मग विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस, मग आणखी 30 दिवस, तीन साक्षीदार. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, त्यामुळे घरी सांगायचं राहिलं असेल तर ते आधी उरका. बातमी गंगावेशीतून घरी पोचायला वेळ लागत नाही.

घोळ होतो तो क्रमाचा. नोटिशीनंतर तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. जर्मन माणसाला तिकडच्या विवाह नोंदणी कार्यालयातून लग्नाला कायदेशीर अडचण नसल्याचा दाखला आणावा लागतो. तो सहा महिनेच चालतो, आणि तो मिळवायला तुमचेही कागद तिकडे पाठवावे लागतात. म्हणून दाखला हातात आल्यावरच नोटीस द्या.

तुमचा जन्मदाखला आजच काढून बघा. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते, नुसतं 'स्त्री' लिहिलेलं. ग्रामपंचायत असो की महापालिका, ज्या निबंधकाकडे नोंद आहे तिथेच नाव चढवून घ्या. वडिलांचं नाव आधारवर एका स्पेलिंगने, पासपोर्टवर दुसऱ्या, असं असेल तर तेही आत्ताच सरळ करा. ॲपोस्टिलवर, म्हणजे आपला कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराखाली लावतात त्या शिक्क्यावर, मात्र घाईने पैसे घालू नका. भारत 2005 पासून त्या करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप घेतला होता. त्यामुळे तिकडचं कार्यालय आणि मुंबईतला वाणिज्य दूतावास जी यादी देईल तीच खरी.

जोडीदाराच्या व्हिसासाठी ए-1 म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची जर्मन भाषा लागते. आपल्याला जवळचं केंद्र पुण्याचं मॅक्स म्युलर भवन. लग्नाच्या धावपळीत हे मागे पडतं आणि मग लग्न झालेली मुलगी प्रमाणपत्राअभावी माहेरी बसून राहते.

तिथे गेल्यावर जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला साधारण तीन वर्षांचं वास्तव्य आणि दोन वर्षांचं लग्न झालं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. बी-1 म्हणजे मधल्या पातळीची भाषा, नागरिकत्वाच्या 33 प्रश्नांच्या परीक्षेत 17 बरोबर, शुल्क 255 युरो. प्रमाणपत्र हातात पडतं त्या क्षणी तुमचा भारतीय पासपोर्ट निकामी होतो. त्यावर 'शेवटचं एकदा' गणपतीला येणं हा गुन्हा आहे आणि दंडही बसतो. आधी जर्मन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला, मग ओसीआय. यात काही महिने जाऊ शकतात, तेव्हा त्या काळातलं तिकीट काढून ठेवू नका.

घाई नसेल तर मी कायम वास्तव्याच्या परवान्यावर थांबायला सांगेन. तो एरवी सहा महिने जर्मनीबाहेर राहिलं की संपतो, पण जर्मन जोडीदाराबरोबर संसार चालू असेल तर सहसा संपत नाही. पासपोर्ट भारताचाच राहतो.

आता सातबारा, कारण तुमचा खरा पेच तिथे आहे. परकीय चलनाच्या नियमांनुसार परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला, मग तो भारतीय नागरिक असो वा ओसीआयधारक, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही मिळत नाही. वारसाने मिळते. म्हणजे 'तू पुढच्या मे महिन्यात आलीस की तुझ्या नावावर एकरभर करू' असं वडील म्हणत असतील तर तो रस्ता जर्मन पासपोर्टच्या कितीतरी आधी, तुम्ही तिकडे राहायला गेलात की बंद होतो. द्यायचं असेल तर निघण्याआधी द्यावं. दस्त नोंदवून गप्प बसू नका. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर आणि आठ-अ वर नाव चढेपर्यंत तलाठ्याकडे खेपा घाला. इथे राहत असताना मिळालेली जमीन पुढे ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात तो शेतकरीही असावा लागतो. भावाचा हिस्सा तुम्हाला विकत घेता येणार नाही. 'आता तू कशाला इथली जमीन बघतेस' म्हणत हक्कसोडपत्र पुढे आलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा, कारण सोडलेला हिस्सा परत विकत घ्यायची सोय तुम्हाला उरत नाही.

ऊसबिल ज्या खात्यात जमा होईल ते खातं परदेशी राहायला गेल्यावर एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथलं रुपयांतलं खातं, करावं लागतं. प्रत्येक सहकारी बँकेत ही सोय नसते, निघण्याआधी विचारून घ्या. नवऱ्यालाही ओसीआय मिळू शकतं, नोंदवलेल्या लग्नाला सलग दोन वर्षं झाल्यावर. घटस्फोट झाला तर त्याचं जाऊ शकतं. तुम्हाला ते मूळच्या भारतीय म्हणून मिळतं, त्यामुळे तुमचं त्यावर अवलंबून नसतं.